कोड ब्याण्णव

दिवसाचे चोवीस तास घ्या, लिखिते सर म्हणाले,
त्यातून काम वजा करा.
उरते ती फुरसत.
वर्गातल्या एसीचं पाणी बादलीत टपकत होतं.
मी लिहून घेतलं. परीक्षेला आलं.
बारापैकी अकरा.

आता चौथं सत्र, प्रबंधाचं.
प्रश्नावली आधी ओळखीच्या घरात तपासायची असते,
म्हणून सुरुवात आमच्याच खोलीपासून:
कोपरखैरणे, माथाडींची बैठी घरं,
ज्यांवर प्रत्येकानं आपापल्या कुवतीचा मजला चढवलाय.

आई लसूण सोलत होती.
तुर्भ्याच्या मार्केटातली गोणी
इर्शाद सकाळी स्कूटरवरून टाकतो,
संध्याकाळी सोललेला माल तोलून नेतो.
काटा त्याचाच.

नाव?
"तुला माहीत नाही?"
विचारावं लागतं.
"शालन ज्योतिराम सपकाळ."
गेल्या सात दिवसांत काय काम केलं?
"काही नाही. घरीच."
अंगठा चालूच होता.

त्यासाठी कोड आहे, ब्याण्णव.
घरगुती कामात, बाकी काही नाही.
पुस्तिकेत बजावलंय, उत्तर सुचवू नये.
मी सुचवलं नाही.

अण्णांचा रकाना सोपा होता.
टोळी, बिल्ला, मंडळाचं पुस्तक,
कांदा-बटाटा मार्केट, एकतीस वर्षं.
श्रमाच्या पुरवठ्याची एक रेषा असते,
मजुरी वाढत गेली की एका जागी ती मागे वळते,
माणूस म्हणतो, पुरे, आता घरी बसू.
अण्णा घरी बसले ते मणका सरकल्यावर.
तो आलेख मी त्यांच्या पाठीशी जुळवणार नाही.
परीक्षकांना असलं आवडतं, म्हणूनच.

प्रश्न एकोणीस.
किती मजुरीच्या खाली तुम्ही काम नाकाराल?
हिला राखीव मजुरी म्हणतात,
माझा अख्खा प्रबंध या एका आकड्यावर उभा आहे.
तुर्भे नाक्यावरच्या चव्वेचाळीस जणांनी रुपयांत सांगितला.
आई म्हणाली, "नाकारलंय की.
मागच्या श्रावणात.
निम्मा लसूण ओला, नखांच्या कडा सुजल्या,
आणि हा म्हणतो दर तोच.
म्हटलं, उचल तुझी गोणी."

मग?
"मग कुमुदकडं गेला. तीही नाही म्हणाली.
मग मोकाशीणबाईंकडं.
चौदा घरं फिरला बिचारा, गोणी पायाशी घेऊन.
तिसऱ्या दिवशी किलोमागं दोन रुपये वाढवले."

हे ठरवलं कुणी?
"ठरवायचं काय त्यात. नळावर सगळ्याच असतात."

मागच्या श्रावणात मी ग्रंथालयात होते,
संघटित क्षेत्रातल्या सामूहिक सौदाशक्तीवर
वीस पानी निबंध लिहीत.
डबा रोज असायचा. भाजीत लसूण नसायचा,
हे आत्ता आठवतंय.

प्रश्नावलीत शेवटी एक ओळ असते,
इतर, तपशील द्या,
आणि पुढं चार बोटं टिंबं.
चौदा घरं त्यात बसेनात.
ब्याण्णववर मी पेन्सिलीनं काट मारली.
बाजूला काय लिहू? अकरा? एक्कावन्न?
सर म्हणतील, यावर मतभेद आहेत, तळटीप द्या.

आणि फुरसत, मी विचारलं.
हा प्रश्न यादीत नव्हता.
"म्हणजे काय गं?"
चोवीस तासांतून काम वजा केलं की उरतं ते.
ती इतकी हसली
की परातीतली टरफलं पंख्याच्या वाऱ्यावर चढली
आणि अण्णांच्या गादीवर, कागदांवर, माझ्या चष्म्यावर बसली.
अण्णा कुशीवरून म्हणाले, "काय झालं?"
"काही नाही. पोरगी वजाबाकी शिकवतेय."

मग मीही मांडी घालून बसले.
"तसं नाही, आधी बुडखा काप."
तासाभरात माझा पाव किलोही झाला नाही,
आणि त्यातल्या कितीतरी पाकळ्या
तिनं न बोलता पुन्हा सोलल्या.